फुकट तिकिटाचे मोल

बार्शी हे बाजारपेठेचे गाव. भगवंताच्या देवळामुळे त्याला क्षेत्राचा मान मिळाला आणि धान्य, कडधान्ये व कापूस यांच्या व्यापारामुळे त्याचा लौकिक वाढला. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने येथे अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे आणली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. या गाडीने माल वाहिला, वारकरी वाहिले आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या बातम्याही वाहिल्या. लोखंडी पेटीत बंद केलेली चित्रपटांची रिळेही अशाच मार्गांनी मुंबई-पुण्याहून तालुक्याच्या गावांपर्यंत येत असत.

माझ्या लहानपणी बार्शीच्या पेठेत सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या दुकानाची एक भिंत थेट रस्त्यावर येत असे, आणि त्या भिंतीवर दर शुक्रवारी नव्या चित्रपटाचा फलक चिकटवला जाई. त्याबद्दल नानांना भाडे मिळत नसे. दोन माणसांचा फुकट पास मिळे. नाना शुक्रवारी रात्री चित्रपट पाहून येत आणि शनिवारी सकाळपासून पंक्चर काढता काढता त्यावर निकाल देत. पेठेतली निम्मी माणसे तो निकाल ऐकूनच खिशात हात घालायचा की नाही ते ठरवीत. चित्रपट चांगला असला तर नाना त्याची कथा सांगू लागत. वाईट असला तर एवढेच म्हणत, "पंखे चांगले हायेत." असे दोन-तीन शनिवार झाल्यावर चित्रपटगृहाचा माणूस दुकानात आला आणि जरा नाराजीने म्हणाला, "नाना, पास घेता आणि वर गिऱ्हाईक तोडता?" हातातला पाना खाली न ठेवता नाना म्हणाले, "भिंत दिलीय तुम्हाला. तोंड न्हाय दिलं."

या उत्तरातला अर्थ तेव्हा आम्हां मुलांना कळला नव्हता. आज मात्र असे वाटते की चित्रपटाच्या फुकट तिकिटाचा सारा इतिहास त्या एका वाक्यात सामावला आहे. तिकीट फुकट असते तेव्हाही व्यवहार होतच असतो. फक्त पैशाऐवजी दुसरे काही तरी मागितलेले असते. काय मागितले आहे, आणि ते द्यावे की नाही, हे ओळखणे हे प्रेक्षकाचे काम आहे. ते ओळखण्यासाठी भारतीय चित्रपटाच्या अगदी प्रारंभापासून सुरुवात करावी लागेल.

ख्रिस्तचरित्रापासून हरिश्चंद्रापर्यंत

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, तेव्हा तिकीट होते एक रुपया. त्या काळचा एक रुपया ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली रक्कम नव्हती. काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले. चित्रपट हा पैसेवाल्यांचा चमत्कार राहणार नाही, तो गर्दीचा खेळ होणार आहे, हे मालकांनी पहिल्याच महिन्यात ओळखले होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांना चित्रपटाचे वेड लागले ते प्रभू येशूच्या चरित्रावरील चित्रपटामुळे, ही गोष्ट आपल्या वाचकांना परिचित आहे. गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी तो पाहिला. स्वतः फाळक्यांनी पुढे लिहिताना ही घटना १९१० च्या नाताळातील असल्याचे म्हटले आहे. काही अभ्यासक ती १९११ च्या ईस्टरच्या सुमारास घडली असे मानतात. ख्रिस्ताचे जीवन पडद्यावर सरकत असताना, अशीच आपल्या राम-कृष्णांची चित्रे कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे हे तंत्र पाहून-शिकून आणि यंत्रसामग्रीची मागणी नोंदवून परतले.

यंत्र आले, कसब आले. पण भांडवल नव्हते. अशा वेळी फाळक्यांनी जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. एका कुंडीत त्यांनी वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रीकरण केले. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रपटात बीज अंकुरते, कोंब वर येतो आणि पाहता पाहता वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट त्यांनी मोजक्या मंडळींना दाखवला. अर्थात तिकीट न लावता. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारख्यांनी कर्ज देऊ केले. आपल्याकडील चित्रपटव्यवसायातील हा एक अगदी आरंभीचा मोफत खेळ म्हणावा लागेल. फाळक्यांनी प्रेक्षकाकडून आणा घेतला नाही. त्यांनी त्याचा विश्वास घेतला, आणि त्या विश्वासावर चित्रपट उभा राहिला.

आधी फुकट, मग दुप्पट

‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाल्यावर दुसरा मोफत खेळ झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी चित्रपट दाखवण्यात आला. प्रसिद्ध डॉक्टर सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर आणि संस्कृतचे थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या निमंत्रितांमध्ये होते. वृत्तपत्रांचे संपादकही होते.

या मंडळींना तिकिटाचे पैसे परवडत नव्हते असे थोडेच आहे! मग त्यांना फुकट का बोलावले? उत्तर त्या काळच्या समाजस्थितीत आहे. चित्रपटात काम करणे हे तेव्हा हलके समजले जाई. फाळक्यांनी आपल्या नटांना, कोठे नोकरी करता असे कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ असे सांगायला शिकवले होते, अशी आठवण सांगितली जाते. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या मराठी चित्रपटाला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे नाव मिळाले त्यामागे हीच हकिकत आहे. अशा हलक्या समजल्या गेलेल्या धंद्याला डॉ. भांडारकरांसारख्या विद्वानाची नुसती उपस्थितीही प्रतिष्ठा देऊन जात होती. पुराणकथा पडद्यावर आणणे हे धर्माला सोडून नाही, हे पटवणारा त्याहून मोठा साक्षीदार कोठे मिळणार? ऑलिंपियातल्या त्या फुकट खुर्च्यांच्या मोबदल्यात फाळक्यांनी घेतली ती प्रतिष्ठा.

या खेळानंतर बारा दिवसांनी, शनिवार ३ मे १९१३ रोजी, गिरगावातील सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ जनतेसाठी प्रदर्शित झाला. रोज चार खेळ होत. पहिला सायंकाळी सहाला आणि शेवटचा रात्री पावणेबाराला. चित्रपटाच्या जोडीला नाच, प्रहसन आणि पायांनी वस्तू झेलण्याच्या कसरती होत्या. आणि जाहिरातीत एक सूचना होती, ती म्हणजे तिकिटाचे दर नेहमीच्या दुप्पट असतील!

निमंत्रितांना फुकट आणि नागरिकांना दुप्पट, ही विसंगती नव्हे. हाच त्या योजनेचा गाभा होता. आधीच्या फुकट खेळाने नंतरच्या दुप्पट दराची तयारी केली होती. चित्रपट सलग तेवीस दिवस चालला. पुढे स्त्रिया आणि मुलांसाठी निम्म्या दराचा खास खेळही ठेवला गेला. त्यामागे औदार्य असेलही, पण हिशेबही होता. घरातली बाई आणि मुले एकदा चित्रपटगृहाची पायरी चढली की सारे कुटुंब त्या पायरीवरचे होते. एकाच चित्रपटासाठी एकाच शहरात महिनाभराच्या आत तीन दर आकारले गेले: प्रतिष्ठितांना शून्य, उत्सुकांना दुप्पट आणि संकोच करणाऱ्यांना निम्मा.

तीन आण्यांत दोन मैल

मुंबईबाहेर मात्र हे गणित जमेना. सुरतेचा प्रसंग चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदवला आहे. तेथे पहिल्या रात्री जेमतेम तीन रुपयांचा गल्ला जमला. स्थानिक भागीदाराची तक्रार अशी की, येथे दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळते, मग तीन आणे मोजून दीड तासाचा खेळ पाहायला कोण येणार? त्याचे म्हणणे होते, दर उतरवा किंवा खेळ लांबवा. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे केवळ तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले.

ही जाहिरात आज तपासून पाहिली तर मोठी मौज वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’ची फीत सुमारे ३,७०० फूट होती. फुटाला सोळा चित्रे या हिशेबाने ती ५९,२०० भरतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास खरा होता. परंतु दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! येथे मात्र फाळक्यांनी फीत जवळजवळ तिप्पट ताणली. एका वाक्यात खरे आणि वाढवलेले शेजारी शेजारी बसले होते. चित्रपटाची जाहिरात ही तेव्हापासूनच अशी आहे.

या प्रसंगातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सुरतेला भांडारकर नव्हते. महानगरातल्या निमंत्रितांची साक्ष दूरच्या गावात पोहोचेपर्यंत तिचा प्रभाव कमी होतो. तेथे त्या गावचाच साक्षीदार लागतो. बार्शीच्या पेठेतल्या नानांना पास का मिळत होता, याचे उत्तर येथे सापडते.

तंबू, पेठ आणि पास

मोठ्या शहरांत पक्की चित्रपटगृहे झाली तरी लहान गावांत चित्रपट नेला तो तंबूवाल्यांनी. अब्दुलअल्ली इसुफअल्ली यांच्यासारखे फिरते प्रदर्शक विसाव्या शतकाच्या आरंभी आग्नेय आशियात आणि १९०८ पासून भारतभर हिंडले. त्यांच्या शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबूत हजारभर माणसे बसत. महाराष्ट्रात पुढे ही परंपरा टूरिंग टॉकीज या नावाने गावोगावच्या जत्रांत रुजली. जत्रेतल्या तंबूपुढे भोंग्यावरून ओरडून गर्दी खेचावी लागे, कारण शेजारी तमाशाचा फड आणि पाळणे यांच्याशी स्पर्धा असे. तंबूसाठी जागा, पाणी आणि शांतता गावाकडूनच मिळायची. म्हणून गावच्या कारभाऱ्यांना पहिल्या रांगेची खुर्ची दिली जाई. तो पासही फुकट नव्हता. त्याच्या मोबदल्यात गावचा सलोखा मिळत होता.

तालुक्याच्या गावी पक्के चित्रपटगृह आले तेव्हा ही पद्धत स्थिरावली. शहरात चालून झालेल्या चित्रपटाच्या प्रती उशिरा, ओरखडे घेऊन लहान गावात येत. हाताशी एखादाच आठवडा असे. शुक्रवारी पहिला खेळ, रविवार आणि आठवडा बाजाराचा दिवस हे कमाईचे, आणि पुढच्या गुरुवारी रिळे पुन्हा पेटीत. एवढ्या थोड्या अवधीत गावभर बातमी पोहोचवायची तर वर्तमानपत्रातली जाहिरात उपयोगाची नव्हती. त्यासाठी हातगाडीवरचा फलक, भोंगा, हस्तपत्रिका आणि भिंती लागत. ज्यांच्या दुकानाची भिंत मोक्याची, त्यांना फलकाबद्दल पास. पासाने भिंत मिळे, आणि भिंतीमागे बसलेल्या माणसाची वाणीही मिळेल अशी मालकाला आशा असे.

मुंबई प्रांतात १९२३ च्या कायद्याने करमणूक शुल्क सुरू झाले, तेव्हापासून तिकीट हा सरकारी महसुलाचाही कागद बनला. चित्रपटगृहाच्या दारात सरकारचाही हात पुढे आला. २०१७ च्या १ जुलैपासून हे शुल्क वस्तू व सेवा करात विलीन झाले. दरम्यानच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत चांगल्या चित्रपटांना करमाफी देऊन तिकीट स्वस्त करण्याची प्रथा पडली. म्हणजे प्रेक्षकाने काय पाहावे याबद्दल शासनही दराच्या मार्गाने मत देऊ लागले.

मोफत पडदा

तिकीटच नसलेले खेळही पुष्कळ झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. १९५३ पासून पंचवार्षिक योजनेच्या प्रसिद्धीसाठी सरकारची फिरती पथके खेडोपाडी जाऊ लागली. देवळापुढच्या पटांगणात पांढरे कापड ताणले जाई आणि धरणे, बी-बियाणे, लसीकरण, कुटुंबनियोजन यांची चित्रे दाखवली जात. तेथे मागितले जात होते ते प्रेक्षकाचे मन.

आपल्या ख्रिस्ती समाजानेही हा मार्ग वापरला आहे, आणि ते प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. १९७८ साली तेलुगूत निघालेला ‘करुणामयुडू’ हा येशूचरित्रपट हिंदीत ‘दयासागर’ या नावाने आला आणि सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरसह गावोगावी विनामूल्य दाखवला गेला. लूककृत शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा ‘जीझस’ दोन हजारांहून अधिक भाषांत उतरला आणि जगभर बहुतेक ठिकाणी मोफत दाखवला गेला. या खेळांमागची श्रद्धा निर्मळ होती याबद्दल शंका नाही. पण मैदानात बसलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकारी पथकाचा पडदा आणि मिशनचा पडदा यांत एक साम्य होते. दोन्हींना त्याच्याकडून काही तरी हवे होते, आणि ते काय हवे आहे हे त्याला आधी स्पष्ट सांगितलेले असणे हा त्याचा अधिकार होता.

याच संदर्भात बार्शीच्या एका सुपुत्राची आठवण होते. शाहीर अमर शेख १९१६ साली बार्शीत जन्मले. गरिबीत वाढले, गिरणीत राबले, कामगारांच्या लढ्यात उतरले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरली. त्या सभांना तिकीट नव्हते. पण अमर शेख कशासाठी गातात हे मैदानात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. त्यांनी आपला हेतू लपवला नाही. मोफत कला आणि मोफत आमिष यांतला फरक येथे आहे. पहिलीत देणारा आपला हेतू उघड सांगतो, दुसऱ्यात तो भेटवस्तूच्या वेष्टनात गुंडाळून देतो.

धर्मग्रामांच्या दारी

एकविसाव्या शतकात फुकट तिकीट थेट चर्चच्या दारापर्यंत आले. मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ २५ फेब्रुवारी २००४ रोजी, म्हणजे राखेच्या बुधवारी, अमेरिकेत प्रदर्शित झाला. ॲरामाईक, हिब्रू आणि लॅटिन भाषांतला, नामवंत तारे नसलेला हा चित्रपट घ्यायला मोठ्या कंपन्या उत्सुक नव्हत्या. तेव्हा निर्मात्यांनी प्रदर्शनापूर्वी धर्मगुरू, पाळक आणि धार्मिक पुढाऱ्यांसाठी खास खेळ ठेवले. त्यांनी आपापल्या लोकांना सांगितले. मंडळ्यांनी गटागटाने तिकिटे, कोठे कोठे तर संपूर्ण खेळच विकत घेतले. सुमारे ३ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ६० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. १९१३ च्या ऑलिंपियात भांडारकरांना मिळालेली खुर्ची आता धर्मगुरूंना मिळाली होती. नव्वद वर्षांपूर्वी ख्रिस्तचरित्राने एका मराठी माणसाला चित्रपटाकडे ओढले. आता चित्रपटाचा बाजार ख्रिस्तचरित्र घेऊन चर्चकडे आला होता.

४ जुलै २०२३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘साउंड ऑफ फ्रीडम’ने याच्या पुढचे पाऊल टाकले. मुलांच्या तस्करीवरील या चित्रपटाच्या शेवटी प्रेक्षकांना आवाहन केले जाई की, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तुम्ही तिकीट विकत घ्या. त्या पैशांतून इतरांना फुकट तिकिटे मिळत. चित्रपटाची कमाई २५ कोटी डॉलरपर्यंत गेली. येथे निर्माता दाता नव्हता. प्रेक्षकच दाता होता आणि प्रेक्षकच याचक. पैसे कोणीही भरोत, हिशेबात तिकीट विकले गेले अशीच नोंद होते, आणि कमाईचा मोठा आकडा हीच दुसऱ्या दिवसाची जाहिरात ठरते. फुकट तिकिटाने आता आकडा विकत घेतला होता.

आपल्याकडेही २०२३ साली हे घडले. २ जूनला आलेल्या ‘जरा हटके जरा बचके’साठी एका तिकिटावर एक तिकीट मोफत देण्यात आले. १६ जूनच्या ‘आदिपुरुष’साठी तेलंगणातील सरकारी शाळा, अनाथालये आणि वृद्धाश्रम यांना दहा हजारांहून अधिक तिकिटे मोफत देण्याची घोषणा एका निर्मात्याने केली. तरीही तो चित्रपट लोकांना रुचला नाही, आणि पहिल्या आठवड्यातच तिकिटांचे दर उतरवावे लागले. त्याआधी २३ सप्टेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय चित्रपट दिनाला, देशभरातील अनेक चित्रपटगृहांत ७५ रुपये दर ठेवला गेला तेव्हा एका दिवसात ६५ लाखांच्या घरात प्रेक्षक आले, असे चित्रपटगृहांच्या संघटनेने सांगितले होते. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक सत्य कळते. लोकांना परवडणारा दर हवा आहे. पण नको असलेली वस्तू फुकट दिली म्हणून ती त्यांना हवीशी होत नाही. अलीकडच्या वर्षांत राजकीय पुढाऱ्यांनीही काही चित्रपटांचे सबंध खेळ विकत घेऊन मतदारांना मोफत दाखवले आहेत. तेथे फुकट खुर्चीच्या मोबदल्यात काय अपेक्षित असते, ते सांगण्याची गरज नाही.

भिंत आणि तोंड

चित्रपटाविषयी पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली आणि पोप बारावे पायस यांनी १९५७ साली परिपत्रके काढली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. त्यातील एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. जबाबदारी केवळ निर्मात्यांवर टाकून परिषद थांबली नाही; आपल्या इच्छेने आणि निवडीने ही माध्यमे स्वीकारणाऱ्या वाचकांची, प्रेक्षकांची आणि श्रोत्यांचीही कर्तव्ये तिने सांगितली. निवड हा त्यातला कळीचा शब्द आहे. फुकट तिकीट नेमके तेथेच बोट ठेवते. पैसे मोजायचे असले की माणूस दहा वेळा विचार करतो. फुकट मिळाले की विचार करायचे राहून जाते.

प्रभूने शिष्यांना पाठवताना, जे मोबदल्याविना मिळाले ते मोबदल्याविना द्या, असे सांगितले (मत्तय १०:८). त्या देण्यात परतफेडीचा हिशेब नाही. बाजाराच्या फुकटात तो असतो. असा हिशेब असणे हे पाप नव्हे. फाळक्यांनी तो केला नसता तर ‘राजा हरिश्चंद्र’ कदाचित तयारच झाला नसता. पण दोन्हींना एकच शब्द वापरतो म्हणून दोन्ही एकच आहेत असे समजू नये. धर्मगुरूंच्या हाती विनामूल्य खेळाचे निमंत्रण येते, तरुण मंडळाला सवलतीची तिकिटे मिळतात, शाळेतल्या मुलांना एखादा चित्रपट मोफत दाखवण्याची कोणी तयारी दाखवतो, तेव्हा नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. हे पैसे कोणी भरले? त्याबदल्यात आमच्याकडून काय हवे आहे? आणि चित्रपट आवडला नाही तर तसे सांगायची आम्हांला मोकळीक आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर निमंत्रण आनंदाने स्वीकारावे. नकारार्थी असेल तर त्या तिकिटाची किंमत खिडकीवरच्या दरापेक्षा पुष्कळ जास्त आहे, असे समजावे.

साक्ष हा आपल्या श्रद्धेतला मोठा शब्द आहे. साक्षीदाराने आधी पाहायचे असते आणि मग जे पाहिले तेच सांगायचे असते. ज्याचे बोलणे आधीच विकत घेतलेले आहे त्याची साक्ष न्यायालयातही चालत नाही आणि पेठेतही चालत नाही. धर्मग्रामातल्या एखाद्या कुटुंबाने रविवारी चर्चबाहेर उभे राहून, हा चित्रपट मुलांना दाखवा, असे सांगितले तर पाच घरे त्यावर विश्वास ठेवतात. या विश्वासाला बाजारात किंमत आहे, म्हणून तर आपल्याला तिकीट फुकट मिळते.

बार्शीची ती अडीच फुटी गाडी आता राहिली नाही. त्या जागी मोठे रूळ आले आहेत. चित्रपट रिळांच्या पेटीतून येत नाही, आणि भिंतीवरचा फलक मोबाइलच्या पडद्यावर गेला आहे. नानाही गेले. त्या दिवसानंतर नानांचा पास बंद झाला नाही, हे सांगायचे राहिले. चित्रपटगृहाच्या माणसाला हिशेब कळत होता. वाईट चित्रपटाला पंखे चांगले आहेत म्हणणारा माणूस जेव्हा एखाद्या शनिवारी कथा सांगू लागे, तेव्हा संध्याकाळच्या खेळाला खिडकीपुढे रांग लागत असे.